कोर्स किती महिन्यांचा, यापेक्षा किती हातांचा

प्रश्न असा आहे: बारावी सायन्स झालेल्या मुलीला फ्लेबोटॉमिस्ट, म्हणजे तपासणीसाठी रक्त घेणारी तंत्रज्ञ, व्हायचं आहे. तालुक्याच्या गावी तीन महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आहे, शहरात सहा महिन्यांचा आहे, आणि घरचे म्हणतात दोन वर्षांचं डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीची पदविकाच कर. त्यात कुणीतरी म्हणालं, रक्तच तर काढायचं, त्याला एवढे दिवस कशाला? निवडावं काय आणि फी भरण्याआधी तपासावं काय?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. तरण्याताठ्या माणसाच्या ठळक शिरेतून रक्त काढणं दोन-तीन आठवड्यांत जमतं. पण लॅबमध्ये सकाळी रांगेत येणारे सगळे हात तसे नसतात. सत्तरीच्या आजींची शीर बोटाखालून सरकते, केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या शिरा कडक होऊन बसलेल्या असतात, दीड वर्षाचं पोर हात धरू देत नाही. शिवाय रक्त योग्य बल्बमध्ये (म्हणजे झाकणाच्या नळीत), योग्य मापात, योग्य नावाने आणि वेळेत मशीनपर्यंत पोचलं नाही, तर टोचलेलं फुकट. प्रयोगशाळेतल्या एकूण चुकांपैकी ६० ते ७० टक्के चुका नमुना मशीनवर चढण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून कोर्स जोखायचे खरे निकष दोनच: देखरेखीखाली स्वतःच्या हाताने किती जणांचं रक्त घ्यायला मिळणार, आणि तुम्ही घेतलेला नमुना लॅबने नाकारला तर त्याचं कारण तुमच्यापर्यंत पोचणार का. कालावधी, इमारत, गणवेश हे सगळं नंतर.

आता वाटा. पहिली म्हणजे कौशल्य विकासाची. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने 'फ्लेबोटॉमिस्ट' हा स्वतंत्र जॉब रोल ठरवलेला आहे आणि त्याचा अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसतं. अशा कोर्सची माहिती लेखी मागा: जॉब रोलचं नाव, कोड, मूल्यांकन कोण करणार. 'गव्हर्न्मेंट अप्रूव्हड' एवढंच पाटीवर लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. कुणाची मान्यता, कोणत्या कोर्सला, कोणत्या वर्षापर्यंत, हे कागदावर दिसलं पाहिजे. दुसरी वाट डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी. यात रक्त घेण्याबरोबर बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी असं सगळं येतं. तिसरी वाट मोठ्या लॅबच्या अंतर्गत प्रशिक्षणाची. तिथे आधीच पात्रता असलेल्यांना घेऊन त्यांच्या पद्धतीने तयार करतात. शिकवणूक बहुधा चांगली असते, पण बाहेर पडल्यावर त्या कागदाचं वजन कमी भरतं.

घरचे डीएमएलटीचा आग्रह धरतात त्याला आधार आहे. २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविका किंवा पदवीसाठी किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षांचा कालावधी अशी अट आहे. तीन किंवा सहा महिन्यांचं प्रमाणपत्र या व्याख्येत बसणं शक्य नाही. आज खासगी कलेक्शन सेंटरवर किंवा होम कलेक्शनला प्रमाणपत्रावर काम मिळतं. सरकारी जाहिरातीत मात्र लॅब टेक्निशियनचं पद असलं की पदविका-पदवी आणि पॅरामेडिकल परिषदेची नोंदणी मागतात. तेव्हा मत विचाराल तर: दोन वर्षं आणि फी परवडत असेल तर डीएमएलटी करा आणि त्यातच रक्त घेण्याचा हात पक्का करा. लवकर कमाई सुरू करणं भाग असेल तर चांगला सहा महिन्यांचा कोर्स घ्या आणि पदविकेचा बेत मनात ठेवा. तीन महिन्यांचा कोर्स तेव्हाच, जेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त वेळ रुग्णालयात किंवा चालत्या लॅबमध्ये जाणार असेल.

एक भ्रम इथेच दूर केलेला बरा. 'कोर्स करून स्वतःची लॅब टाकू' असं अनेक संस्था सुचवतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केलं आहे की पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. नमुना घेणं तुमचं काम, अहवालावर सही करणं नाही.

आता वर्गात नेमकं काय शिकवलं गेलं पाहिजे ते. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी सुई हातात देत नाही, माणूस ओळखायला शिकवतो. 'तुम्ही सुनीता पाटील ना?' असं विचारलं की ताप आलेला, ऐकू कमी येणारा किंवा नुसता घाबरलेला माणूस हो म्हणतो. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील सहज निघतात. म्हणून प्रश्न उघडा विचारायचा: 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख किंवा वय सांगा', आणि उत्तर फॉर्मशी, हातातल्या पट्टीशी ताडून पाहायचं. खाटेच्या नंबरावर कधीही भरवसा ठेवायचा नाही, दुपारपर्यंत खाटा बदललेल्या असतात. उपाशीपोटीचंही तसंच. 'उपवास आहे का?' असं विचारलं तर चतुर्थीला हो म्हणणारा माणूस सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला असतो. 'फक्त चहा घेतलाय' म्हणणाऱ्यांच्या मते चहा खाण्यात धरत नाहीत. प्रश्न असा हवा: पाण्याशिवाय पोटात शेवटचं काय गेलं आणि किती वाजता? साखरेसाठी ८ तास धरतात, चरबीच्या तपासण्यांसाठी अजूनही बरेच डॉक्टर १० ते १२ तास मागतात. साधं पाणी प्यायला हरकत नसते, उलट पाणी न पिता आलेल्याची शीर शोधणं अवघड जातं.

मग शीर. कोपराच्या खळगीत मधोमध असते ती मीडियन क्युबिटल पहिली पसंती: जाड, बऱ्यापैकी स्थिर, दुखतंही कमी. ती नाही मिळाली तर अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक दिसायला कितीही मोहक असली तरी शेवटचा पर्याय, कारण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, तर्जनीने चाचपायची असते. दाबल्यावर रबरासारखी उसळते ती शीर, कडक तारेसारखी लागते ती स्नायूचा कंडरा, आणि ठोके देते ती धमनी. अंगठ्याने चाचपू नये, त्याला स्वतःचेच ठोके असतात. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात, डायलिसिसचा फिस्टुला (शीर-धमनी जोडून केलेली जागा) असलेला हात, सलाईन चालू असलेला हात हे टाळायचे. सलाईनच्या वरच्या बाजूने घेतलेल्या रक्तात ग्लुकोज किंवा सोडियमचे आकडे असे येतात की डॉक्टर नसलेल्या आजाराचा उपचार सुरू करतात.

पट्टा, म्हणजे टुर्निकेट, टोचायच्या जागेच्या साधारण चार बोटं वर बांधायचा आणि एक मिनिटाच्या आत सोडायचा. बांधून ठेवून सुई, बल्ब, कापूस शोधत बसणं ही नवख्यांची सर्वांत मोठी खोड. पट्टा जास्त वेळ राहिला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं आणि प्रथिनं, कॅल्शियम, हिमोग्लोबिन खोटे वाढतात. शीर शोधतानाच मिनिट संपलं तर पट्टा सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा. दुसरी खोड म्हणजे 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' असं सांगणं. हे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलंय आणि चूक आहे. हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात येतं आणि अहवालात १ मिलिमोलपर्यंत फरक पडू शकतो. मूठ अलगद मिटायला सांगा, बस. शीर दिसत नसेल तर हात खाली लोंबू द्या, कोमट पाण्यात भिजवलेला कपडा तीन ते पाच मिनिटं ठेवा. चापट मारू नका.

जागा ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची आणि आपोआप वाळू द्यायची, साधारण ३० सेकंद. फुंकर मारून वाळवली की तोंडातले जंतू तिथे पडले. ओल्या स्पिरिटवर टोचलं की रुग्णाला चुरचुरतं आणि रक्तपेशी फुटतात ते वेगळंच. पुसल्यावर पुन्हा बोटाने चाचपलं तर पुन्हा पुसायचं, हे लिहायला सोपं, पाळायला कठीण आहे. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, डाव्या अंगठ्याने कातडी खालच्या दिशेने ताणलेली. ताण सुटला की शीर पळते; म्हाताऱ्या हातांवर अपयशाचं कारण बहुधा हेच. प्रौढांसाठी २१ किंवा २२ गेजची सुई, बारीक शिरा आणि मुलांसाठी २३ गेजचं बटरफ्लाय, म्हणजे पंख आणि बारीक नळी जोडलेली सुई. रक्त बल्बमध्ये यायला लागलं की पट्टा ढिला करायचा. पट्टा सोडायचा आधी, सुई काढायची नंतर; उलट झालं की रक्त कातडीखाली पसरतं आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा. सुई काढल्यावर 'हात दुमडून धरा' हेही असंच रूढ झालेलं वाक्य आहे. हात सरळ ठेवून बोळा दोन-तीन मिनिटं दाबून धरायचा असतो. दुमडल्याने शिरेवरचं भोक नीट दाबलं जात नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाच मिनिटं किंवा रक्त थांबेपर्यंत.

रुग्णाने 'हातात करंट गेला' म्हटलं की थांबायचं. मज्जातंतूला सुई लागल्याची ती खूण असते. सुई ताबडतोब बाहेर, ती जागा सोडून द्या. लालभडक रक्त ठोक्यासरशी येत असेल तर धमनी लागली आहे, सुई काढून किमान पाच मिनिटं जोरात दाबा आणि वरिष्ठांना सांगा. दोनदा टोचून मिळालं नाही तर तिसऱ्यांदा स्वतः प्रयत्न करायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. सुई आत ठेवून इकडेतिकडे ढोसणं हा प्रयत्न मोजलाच जात नाही असा काहींचा समज असतो. रुग्ण तो मोजत असतो.

बल्बचा क्रम हा कोर्सचा गाभा आहे आणि तो कारणांसकट कळला नाही तर टिकत नाही. आधी ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीच्या) बाटल्या, कारण त्या निर्जंतुक राहायला हव्यात. मग निळ्या झाकणाचा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा प्लेन-जेल (यांत रक्त गोठू देतात), मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा ईडीटीए आणि शेवटी करडा फ्लोराइड. एका बल्बमधलं रसायन सुईमार्गे पुढच्यात अगदी थेंबभर गेलं तरी घोटाळा होतो. जांभळ्या बल्बातल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणून ईडीटीए आधी आणि प्लेन नंतर भरला तर पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खाली येतात. चालत आलेल्या, हसतबोलत बसलेल्या माणसाचा पोटॅशियम ९ आणि कॅल्शियम ४ आला तर अनुभवी टेक्निशियन आधी नमुना कुणी घेतला ते विचारतो. कमी रक्त मिळालं म्हणून जांभळ्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतणाऱ्यांच्या हातूनही हेच होतं. झाकण बदललं तरी आतलं रसायन लपत नाही.

सायट्रेटचा बल्ब सर्वांत नाजूक. त्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि रक्त-रसायनाचं प्रमाण ९ ला १ हवं. ०.२ मिलिलिटर सायट्रेट असलेल्या बल्बमध्ये १.८ मिलिलिटर रक्त, खुणेपर्यंत बरोबर. कमी भरलं तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या वेळा खोट्या लांबतात. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या माणसाचा डोस त्यावर ठरत असतो. बटरफ्लाय वापरून पहिलाच बल्ब सायट्रेटचा असेल तर नळीतली हवा त्यात जाऊन तो कमी भरतो, म्हणून आधी एक टाकाऊ बल्ब लावायचा. ईएसआरच्या काळ्या झाकणाच्या बल्बमध्ये प्रमाण ४ ला १ असतं. दोन्ही सायट्रेटच, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

भरलेला बल्ब लगेच अलगद उलटासुलटा करायचा: सायट्रेट तीन-चार वेळा, जेल पाच वेळा, ईडीटीए, हेपॅरिन, फ्लोराइड आठ ते दहा वेळा. सरबत हलवल्यासारखा झटकला की पेशी फुटतात, अजिबात हलवला नाही की बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी दिसतात. डेंग्यूच्या दिवसांत ही चूक महागात पडते: प्लेटलेट ४० हजार वाचून नातेवाईक रक्तकेंद्राकडे धावतात आणि बल्बच्या तळाशी गुठळी निघते. जेलचा बल्ब सेंट्रीफ्यूजला, म्हणजे नमुना गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घालण्याआधी ३० मिनिटं उभा ठेवून गोठू द्यायचा. साखरेचा नमुना फ्लोराइडशिवाय तसाच पडून राहिला तर पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. सकाळी साडेसहाला प्लेन बल्बमध्ये घेतलेलं आणि अकराला लावलेलं रक्त मधुमेहालासुद्धा झाकून टाकतं.

लेबल रुग्णासमोरच, बल्ब भरल्यावर लगेच. आधीच लेबल लावून ठेवलेले बल्ब ट्रेमध्ये घेऊन वॉर्डात फिरणं म्हणजे अदलाबदलीला आमंत्रण, आणि नंतर टेबलवर बसून आठवणीवर विसंबून चिकटवणं त्याहून वाईट. नाव, ओळख क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची खूण. वेळ लिहायची टाळाटाळ फार होते, पण कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या किंवा औषधाच्या रक्तातल्या पातळीचा आकडा वेळेशिवाय निरर्थक असतो.

व्हॅक्यूटेनर (रक्त स्वतः ओढून घेणारा निर्वात बल्ब) शिकवून थांबणारा कोर्स अपुरा आहे, कारण छोट्या गावांत अजून सिरिंजच चालते. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की बारीक शीर मिटते आणि पेशी फुटतात. तिथून बल्बमध्ये रक्त घालताना ट्रान्सफर डिव्हाइस वापरायचं, आणि बल्बमधल्या पोकळीला रक्त ओढू द्यायचं, आपण दाबायचं नाही. हातात बल्ब धरून सुईने झाकण टोचणं तर कधीच नाही. बोटात सुई जाण्याचं ते हमखास ठिकाण. फुटलेल्या पेशींचा नमुना, म्हणजे हिमोलाइज्ड, गुलाबी-लाल सीरमवरून (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवावरून) कळतो. पोटॅशियम, एलडीएच, एसजीओटी त्यात वाढलेले येतात आणि लॅब तो परत पाठवते. नवख्याच्या नाकारलेल्या नमुन्यांत सर्वांत मोठा वाटा याचाच असतो.

लहान मुलांचं प्रशिक्षण बहुतेक कोर्समध्ये नावापुरतं असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच सुमारे २५० मिलिलिटर. त्याचे ५ मिलिलिटर घेतले म्हणजे दोन टक्के गेले. त्यामुळे 'अजून थोडं घेऊन ठेवू' ही सवय इथे चालत नाही. टाचेतून घेताना टाचेच्या कडेच्या बाजूंना, मागच्या वळणावर नाही, आणि लॅन्सेट २ मिलिमीटरपेक्षा खोल नको, नाहीतर हाडाला इजा होते. पहिला थेंब पुसून टाकायचा. बोटातून किंवा टाचेतून घेताना बल्बचा क्रम बदलतो, ईडीटीए आधी येतो, कारण थेंब लवकर गोठतात. मोठ्यांमध्ये बोट टोचायचं तर मधलं किंवा अनामिका, आणि टोकाच्या मधोमध नाही, किंचित बाजूला.

ब्लड कल्चर वेगळ्या शिस्तीचं काम. क्लोरहेक्झिडिन-अल्कोहोलने ३० सेकंद घासून पूर्ण वाळू द्यायचं, बाटलीचं रबर अल्कोहोलने पुसायचं, प्रौढाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. बटरफ्लायने घेताना एरोबिक (हवेतल्या जंतूंची) बाटली आधी, सिरिंजने घेताना अनेरोबिक (हवेविना वाढणाऱ्या जंतूंची) आधी. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलं तर उपयोग.

आजकाल नव्या मुलामुलींना पहिली नोकरी बहुधा होम कलेक्शनची मिळते, आणि कोर्समध्ये त्याचा तासही नसतो. दुचाकीच्या डिकीत नमुने, नागपूर-चंद्रपूरचा मे महिना, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही. बल्ब उभे स्टँडमध्ये, थंड पेटीत, पण बर्फाच्या पॅकला थेट टेकलेले नकोत. गोठलं की पेशी फुटल्या. सेंट्रीफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त थंड ठेवलं तर पोटॅशियम वाढतं, आणि पीटीचा नमुना सामान्य तापमानालाच न्यायचा. सीरम दोन तासांच्या आत वेगळं व्हायला हवं, त्यामुळे शेवटचं घर कोणतं घ्यायचं हे घड्याळ ठरवतं. घरी टोचताना रुग्णाला खाटेवर टेकवून बसवा, स्टुलावर नको. भोवळ येणारा माणूस आधी जांभई देतो, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो; सुई काढा, आडवं झोपवा, पाय उचला.

स्वतःच्या जिवाचं. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घेतात, म्हणजे प्रवेश घेतल्याच दिवशी पहिला डोस हवा. कोर्स संपल्यावर सुरू केली तर सर्वांत धोक्याचा काळ लसीविना जातो. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची, १० (mIU/ml) किंवा जास्त असेल तर संरक्षण आहे. सुईचं टोपण परत लावायचं नाही. सुई बोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, तोंडात घालायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही, आणि ताबडतोब कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. सुरू केलं की २८ दिवस. लाजेने किंवा ओरडा बसेल म्हणून गप्प राहणारे विद्यार्थी असतात, म्हणून हे पहिल्या आठवड्यात शिकवणारी संस्था चांगली. कचऱ्याचे रंग २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार: सुया भोसकला न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खुणेच्या डब्यात. पांढरा डबा पाऊण भरला की बंद.

सरावाचा आकडा किती असावा? अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा नियम मोजपट्टी म्हणून वापरता येतो: अननुभवी उमेदवाराला ४० तास वर्ग, ४० तास प्रत्यक्ष काम, आणि त्यात यशस्वी ५० शिरेतले व १० बोटातले नमुने. ही किमान रेषा आहे. हात बसायला आपल्या गर्दीत शंभर-दीडशे नमुने तरी हवेत आणि ओपीडीत ते महिन्याभरात सहज होतात. कृत्रिम हातावर आधी वीसेक वेळा सुई, बल्ब, पट्टा यांचा क्रम हातात बसू द्या; त्यापुढे रबराचा हात काही शिकवत नाही, कारण तो घाबरत नाही. लग्नानंतर किंवा नोकरीसाठी परदेशी जायची शक्यता असेल तर प्रत्येक नमुन्याची नोंदवही ठेवा: तारीख, शिरेतून की बोटातून, यशस्वी की नाही, देखरेख करणाऱ्याची सही. अमेरिकेत कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या राज्यांत परवाना किंवा प्रमाणन लागतं. भारतातल्या प्रमाणपत्रावर थेट काम मिळत नाही, पण सहीशिक्क्याची नोंदवही आणि अनुभवपत्र पुढच्या अर्जात कामी येतं.

फी भरण्याआधी संस्थेला विचारा: कोणत्या रुग्णालयाशी किंवा लॅबशी लेखी करार आहे, एका वेळी किती विद्यार्थी पाठवता, शिकवणारा रोज रक्त घेतो की फक्त वर्ग घेतो, आणि त्या लॅबला एनएबीएलची (प्रयोगशाळांना दर्जाची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का. मान्यता असेल तर नाकारलेल्या नमुन्यांची नोंद ठेवणं त्यांना भागच असतं आणि त्या नोंदीतून तुम्हाला शिकता येतं. कराराचं नाव सांगितलं तर त्या लॅबमध्ये फोन करून खातरजमा करा. मग एक सकाळ, सात ते नऊ, तिथल्या कलेक्शनच्या रांगेशेजारी बसा. नाव विचारतात की सांगतात, पट्टा किती वेळ राहतो, बल्ब हलवतात का, लेबल कधी लागतं, सुई कोणत्या डब्यात जाते, एवढंच पाहा.